दोरीचं दुसरं टोक

बंगळुरूच्या जन्मकथेत कुत्रा हरतो. केंपेगौडा शिकारीला निघाला असताना त्याच्या शिकारी कुत्र्यामागे एक ससा लागलेला त्याला दिसला. जिथे सशालाही एवढा जोर चढतो ती भूमी पराक्रमाची, असं म्हणून त्याने इथे शहर वसवायचं ठरवलं, अशी ती दंतकथा. मग 1537 च्या सुमारास दोड्डपेट आणि चिकपेट जिथे एकमेकींना छेदतात त्या चौकातून चार दिशांना बैलांचे चार नांगर सुटले आणि त्यांच्या तासांवर पेठेचे रस्ते उभे राहिले, असंही सांगतात. शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, विजापूरच्या फौजेने हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचा गौरी महाल याच चिकपेटेत होता अशी समजूत आहे. म्हणजे या पेठेच्या आठवणीत राजे आहेत, बैल आहेत, ससासुद्धा आहे. पळणाऱ्या त्या कुत्र्याचं नाव काय होतं आणि त्याला शिकारीसाठी तयार कुणी केलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आज पारडं उलटं फिरलंय. आता कुत्रा हरतच नाही. प्रजासत्ताक दिन जवळ आला, काश्मीरमध्ये कुठे चकमक झाली, एखादं लष्करी श्वान जखमी झालं, की मजकुरांचा पूर लोटतो. चिकपेटच्या बोळात सोनं गाळणारा आटपाडी-खानापूरकडचा गलाईवाला असो, नाहीतर पुण्यात पेपर चाळत बसलेला पेन्शनर, दोघांच्या मोबाइलवर येणारा मजकूर एकच. कुत्रा जन्मतःच इमानी. इमान त्याच्या रक्तात असतं, ते शिकवावं लागत नाही. माणूस दगा देतो, कुत्रा देत नाही. पगार नको, पेन्शन नको, सुट्टी नको; हा मुका जवान मातृभूमीसाठी हसत हसत प्राण देतो. खाली तिरंगा, त्याखाली जोडलेले हात. फोटोत कुत्र्याशेजारी एक माणूस असतो, त्याची बहुधा फक्त पँट आणि बूट दिसतात. त्याच्याबद्दल कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: तो हँडलर, त्याचं काय, दोरी धरायला कुणीही चालतो. हे मत ऐकायला गोड आहे आणि निरुपद्रवी वाटतं. मला ते श्वानाच्या आणि त्याच्या सोबत्याच्या मुळावर येणारं वाटतं. त्या कौतुकात दोन चोऱ्या लपलेल्या आहेत, एक माणसाच्या कष्टांची आणि दुसरी आपल्या देण्याची.

आधी मातृभूमीचं बघू. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याचं आरडीएक्सशी काही वैर नसतं. शिकवताना त्याचा आवडता चेंडू आणि तो विशिष्ट वास यांची सांगड घालतात. वास सापडला, खाली बसून इशारा दिला, की चेंडू मिळतो, दोन मिनिटं झोंबाझोंबी मिळते, शाबासकी मिळते. त्याच्या लेखी तिथे बॉम्ब नसतोच. वासाच्या पलीकडे चेंडू आणि चेंडूच्या पलीकडे तो फेकणारा हात, इथे त्याचं जग पुरं होतं. ताबारेषा, ध्वज, राज्यघटना यांतलं काही त्या जगात नाही. एक माणूस आहे. यात कुत्र्याचा अपमान वाटत असेल तर तो आपल्या कल्पनेचा दोष. माणूस देशासाठी मरू शकतो, कारण त्याला देश कळतो. तो शपथ घेतो, भरतीच्या रांगेत स्वतःच्या पायांनी उभा राहतो. कुत्र्याने कुठली शपथ घेतली? ज्याला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही, त्याच्या मरणाला स्वखुशीचं बलिदान म्हणणं म्हणजे त्याला पाठवणाऱ्यांनी आपली जबाबदारी त्याच्याच गळ्यात बांधणं. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागच्या मोहिमेत झूम नावाच्या श्वानाला दोन गोळ्या लागल्या आणि 13 तारखेला तो गेला. अतिरेकी ज्या घरात होते त्या घरात झूम शिरला तो पाठवला म्हणून, आणि पाठवणाऱ्या माणसावर त्याचा पूर्ण विश्वास होता म्हणून. देशप्रेमाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट ऐकायला जड जाते, कारण तिच्यात आपण काहीतरी देणं लागतो.

आता ‘दोरी धरायला कुणीही चालतो’ याकडे वळू. सणाच्या तोंडावर चिकपेटच्या एखाद्या बोळात तपासणी करायची आहे असं धरा. दोन माणसं अंग चोरून जातील एवढी रुंदी. एका बाजूला रेशमी साड्यांचे गठ्ठे आणि नव्या कापडाच्या खळीचा वास, वरच्या माळ्यावर सोनं गाळताना निघणारी तेजाबाची वाफ, कोपऱ्यावर फिल्टर कॉफी, मोगऱ्याचे गजरे, उदबत्ती, खाली तुंबलेलं गटार. या सगळ्यातून एक वास वेगळा काढायचा आहे. तो कुत्राच काढेल, खरं आहे. पण कुठे हुंगायचं हे हात दाखवतो: शटरची खालची फट, मग पायरीचा कोपरा, मग उभ्या स्कूटरची डिकी. दोरी ढिली ठेवायची, कारण ताण बसला की कुत्रा वास सोडून माणसाकडे लक्ष देतो. तिसऱ्या दुकानापाशी कुत्र्याचं तोंड मिटतं, धापणं थांबतं, पुढे गेलेली मान मागे वळते, शेपटीची लय किंचित बदलते. अजून तो बसलेला नाही. इथे हँडलरने थबकायचं नाही, कारण त्याचं थबकणं हाच कुत्र्याला इशारा होऊ शकतो. श्वाससुद्धा आधीसारखाच चालू ठेवायचा. मग कुत्रा बसतो. तो वासासाठी बसला, उन्हाने थकून बसला की चेंडूच्या आशेने बसला? जीभ बाहेर काढून धापणाऱ्या कुत्र्याचं नाक निम्मं बंद असतं. त्याला पाणी आणि सावली कधी द्यायची, हे तो सांगणार नाही, ओळखावं लागतं. ही ओळख येते ती रोज त्याला खाऊ घालण्यातून, अंगावरून ब्रश फिरवण्यातून, पंजाच्या बोटांमधला काटा शोधण्यातून आणि सकाळी त्याची विष्ठा नीट बघण्यातून. ज्यांना हे दोरी धरणं वाटतं त्यांनी एकदा आपल्याच घरच्या कुत्र्याला मंडईतून फिरवून आणावं.

‘रक्तातच असतं’ हा दुसरा लाडका दावा. त्याला हल्ली स्वदेशीचीही फोडणी मिळाली आहे. मुधोळ हाउंड, म्हणजे आपल्याकडचा कारवान कुत्रा, हा या अभिमानाचा मानकरी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला त्यांची जोडी भेट दिली. 2005 मध्ये टपाल खात्याने या जातीवर तिकीट काढलं. 2016 मध्ये लष्कराने काही मुधोळ श्वान प्रशिक्षणासाठी मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात नेले. 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं. एका मराठी संस्थानिकाने कर्नाटकाच्या मातीत केलेलं हे काम अभिमान वाटावा असंच आहे. पण ते काम आहे, हे आपण विसरतो. वाऱ्यासारखा पळणारा, नजरेने सावज हेरणारा हा कुत्रा माळरानावरच्या सशासाठी घडला. तोच कुत्रा विमानतळावरच्या बॅगांची रांग संथपणे, एकेक चेन हुंगत तपासेल का, हा प्रश्न रक्ताने सुटत नाही. तो सुटतो महिनोन्‌महिने कुणीतरी त्याच्यासोबत उन्हात चालल्याने. गलाईच्या धंद्यातल्या माणसाला हे समजवावं लागू नये. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन तो त्यातून सोनं काढतो. केरात सोनं होतंच की, असं म्हणून त्याची मजुरी कुणी कापली तर तो गप्प बसेल का?

कुत्रा आणि त्याचा माणूस यांच्यातल्या बंधाचं हे स्वरूप आपल्या न्यायालयांना समाजमाध्यमांपेक्षा कितीतरी आधी कळलं होतं. अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (निकाल 1970 च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेला आहे) माग काढणाऱ्या पोलीस कुत्र्याचा पुरावा कितपत धरायचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने नोंदवलेले आक्षेप साधे होते. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्यामुळे कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ सांगायला त्याच्या माणसालाच उभं राहावं लागतं, आणि कुत्र्याच्या अनुमानावर एखाद्याचं आयुष्य आणि स्वातंत्र्य टांगून ठेवता येत नाही. 2001 मध्ये गदे लक्ष्मी मंगराजू खटल्यातही हेच न्यायालय म्हणालं की कुत्रा आणि त्याचा माणूस यांच्यात गैरसमज होण्याची शक्यता कायमच असते. वकिलांनी या निकालांचा उपयोग श्वानांचा पुरावा पाडायला केला, तो त्यांचा धंदा. मला त्यात वेगळंच काही दिसतं. न्यायालयाला समोर दोघे दिसत होते. एक हुंगणारा आणि एक वाचणारा, आणि चूक दोघांपैकी कुणाचीही किंवा दोघांच्या मधली असू शकते. ‘जन्मजात इमानी’च्या सिद्धान्तात ही मधली जागाच नाही.

इथे चाणाक्ष प्रतिपक्ष हसून म्हणेल, तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय. बंध इतका घट्ट असेल तर कुत्रा मालकाला हवं तेच दाखवणार. बरोबर, आणि याचा पुरावाही आहे. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लिसा लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 श्वान-हँडलर जोड्यांची चाचणी घेतली. हँडलरांना सांगितलं की इथे वास लपवलेले आहेत आणि काही जागांवर कागदाच्या खुणा लावलेल्या आहेत. प्रत्यक्षात कुठेही काहीही लपवलेलं नव्हतं. तरी एकूण 225 चुकीचे इशारे आले, आणि खुणा होत्या तिथे ते जास्त आले. चुकीचा समज माणसाचा होता, बसला कुत्रा. यातून निघतं काय? बंध खोटा आहे, असं? उलट तो इतका खरा आहे की माणसाचा समज न बोलता कुत्र्यात उतरतो. म्हणूनच दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचं शिक्षण, शिस्त आणि प्रामाणिकपणा यांवर सगळं अवलंबून राहतं. हाताचं वजन कळणाऱ्या जनावराच्या दोरीला ‘कुणीही चालतो’ म्हणणाऱ्यांनी या 225 इशाऱ्यांचा हिशेब द्यावा. एखाद्या निरपराध माणसाची बॅग, घर किंवा जामीन अशा एका इशाऱ्यावर जाऊ शकतो.

आपल्या सरकारी मराठीत या माणसाला ‘श्वान हस्तक’ म्हणतात. हा शब्द कुणाला सुचला कोण जाणे. एरवी बातम्यांत हस्तक असतो तो परकीय गुप्तचर संस्थेचा, कुणा टोळीच्या म्होरक्याचा. आपल्या भाषेने या माणसाला कुत्र्याचा हस्तक करून टाकलं, आणि व्यवहारात त्याला तीच जागा दिली. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीरची कीर्ती झाली. 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब, 6,406 काडतुसं हे आकडे लोकांना तोंडपाठ आहेत. नोव्हेंबर 2000 मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा त्याला मानवंदना देऊन पुरलं. चांगलं केलं. पण त्या सगळ्या ढिगांपाशी झंजीरच्या मागे दोन पावलांवर उभं राहून पहिला श्वास रोखणारे कोण होते, हे किती जणांना सांगता येईल? त्याहून बोचणारं उदाहरण ऑगस्ट 2015 चं. कुपवाडा जिल्ह्यात, तंगधारच्या बाजूला, मानसी ही लॅब्रॅडोर आणि तिचा हँडलर बशीर अहमद वार एकाच चकमकीत मारले गेले. प्रादेशिक सेनेतला हा जवान त्याच जिल्ह्यातला. पुढे मानसीला मरणोत्तर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ मिळालं आणि तिचं नाव देशभर झालं. बशीरचं नाव ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करावा. मानसीचं कौतुक कमी करा असं मी म्हणत नाही. पण एका दोरीच्या दोन टोकांना दोघे मेले आणि आपण एकच टोक उचललं, याला काय म्हणायचं? माणसाची आठवण ठेवायची तर त्याचं गाव, धर्म, कुटुंब, पेन्शन, सगळं लक्षात ठेवावं लागतं. कुत्र्याच्या आठवणीला एक फोटो पुरतो. शेवटी सोयीचंच इमान आपल्याला आवडतं.

या भाबड्या मताचा एक रोखठोक भाऊ आहे. तो म्हणतो, भावुक होऊ नका, कुत्रा हे साधन आहे. रायफल, वायरलेस, तसाच हा. काम संपलं की जमा करा. वरवर हे दोघे भाऊ एकमेकांशी भांडतात. खरं तर त्यांचं व्यवस्थित चालतं. एक जण हार घालतो आणि दुसरा त्याला खात्यातून खोडतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने सुमारे 4,000 कुत्रे वापरले. युद्ध आटोपल्यावर त्यांतले दोनशेच्या आसपास परत आले. बाकीचे शिल्लक सामान ठरले, मारले गेले किंवा तिथेच सोडले गेले. त्याच देशात कुत्र्यांच्या निष्ठेवर सिनेमे निघतच होते. हँडलरांनी वर्षानुवर्षं टाचा घासल्यावर 2000 साली निवृत्त लष्करी श्वान दत्तक देण्याचा कायदा झाला, आणि पुढे त्यात दुरुस्ती होऊन पहिला मान जुन्या हँडलरला मिळाला. आपणही फार लांब नव्हतो. कामाला अयोग्य ठरलेल्या श्वानांना लष्करात शांतपणे मरण दिलं जातं, हे 2015 मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरातून बाहेर आलं. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली तेव्हा सरकारला धोरणाचा विचार करावा लागला. आता निवृत्त श्वानांना मेरठला सांभाळलं जातं, दत्तकही दिलं जातं. हा बदल तिरंगी फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांमुळे झाला का? मुळीच नाही. इमान रक्तातच असतं, त्याला काही नको असतं, असं मानणाऱ्याच्या मनात म्हातारपणाच्या खुराकाचा प्रश्न उठणारच कसा?

मुंबईच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात राबलेल्या पोलीस श्वानांची अखेर बघा. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका खासगी शेतावर राहिले आणि 2016 या एका वर्षात एकेक करून गेले. शेवटी उरलेला सीझर सोबती गेल्यावर खिन्न होता, असं तेव्हा छापून आलं. त्या शेतावर त्यांची काळजी घेणाऱ्यांचे उपकारच. पण ज्या शहराने त्यांच्या नाकावर भरवसा ठेवला त्या शहराला त्यांच्यासाठी जागा सापडली ती शहराबाहेर, आणि तीही कुणाच्या तरी दयेवर.

यावर प्रशासकीय उत्तर येतं: हँडलर हाही शिपाईच, त्याची बदली होणार, बढती होणार, एका कुत्र्यासाठी माणूस बांधून ठेवता येत नाही. हा आक्षेप निदान विचार करण्यालायक आहे. पण ज्या संस्था हे म्हणतात त्यांचीच पद्धत त्याच्या विरुद्ध साक्ष देते. बंगळुरूच्याच दक्षिणेला, कनकपुरा रस्त्याच्या बाजूला तरलूला केंद्रीय राखीव पोलीस दलाची श्वान पैदास आणि प्रशिक्षण शाळा 2011 पासून आहे. जंगलातल्या नक्षलविरोधी मोहिमांसाठी बेल्जियन मॅलिनॉय तिथे तयार होतात. तिथे काय फक्त कुत्रे शिकतात? हँडलरही शिकतात, आणि बाहेर पडते ती जोडी. निमलष्करी दलांत एका श्वानामागे दोन हँडलर देण्याची पद्धत आहे ती याचसाठी, की एक सुट्टीवर गेला तरी कुत्र्याच्या जगातला दुसरा ओळखीचा हात जागेवर राहावा. म्हणजे बदलीची अडचण सुटू शकते हे खात्याला ठाऊक आहे. बेल्जियमच्या लष्करी श्वानांवर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जे हँडलर कुत्र्याला घरी नेत किंवा त्याच्यासोबत एखादा खेळ करत, त्यांचे कुत्रे जास्त आज्ञाधारक आणि कमी चावरे निघाले. याला भावनेची नव्हे, तर कामाच्या हिशेबाची बाजू म्हणा हवं तर. ज्याला रायफल साफ ठेवायचं महत्त्व कळतं त्याला हे कळायला अडचण नसावी.

राहिली दोन नेहमीची पालुपदं. पहिलं, माणसांना पेन्शन नाही आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात? हे म्हणणारा माणूस हँडलरच्या पेन्शनबद्दल तरी कधी बोलला आहे का, ते आधी विचारा. दुसरं, आता यंत्रं येणार. यावीत. वास मोजणारी उपकरणं आहेतच आणि सुधारतीलही. पण चिकपेटच्या त्या बोळात तेजाब, मोगरा, गटार आणि खळीच्या वासातून पायरी चढत, वळत, मागे येत शोध घेणारं चारपायी यंत्र अजून कुठल्या पथकाच्या दोरीला बांधलेलं दिसत नाही. ते येईपर्यंत जे आहेत त्यांचं काय?

आपल्या मनात हे ‘इमान’ इतकं खोल कुठून रुजलं? रायगडावरच्या वाघ्याची कथा बघा. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याला समकालीन कागदांचा आधार नाही. त्याचं स्मारक 1936 चं, आणि 2012 मध्ये पुतळा हलवण्यावरून आणि परत बसवण्यावरून केवढा गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवतो. तो वाद मला इथे नको आहे. मला खुपतं ते कथेतलं चित्र: आदर्श कुत्रा तोच, जो मालकामागे जळून जातो, मागे काही मागायला उरत नाही. याच्या उलट दुसरी गोष्ट आपल्याच घरात पडून आहे. महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा आहे, भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडली आहेत, सोबतीला एक कुत्रा उरला आहे, आणि इंद्र म्हणतो याला सोडून आत ये. धर्मराज सोडत नाही. तिथे इमानाची परीक्षा कुत्र्याची होत नाही, राजाची होते. कुत्रा राजाला सोडून जाईल का, हे कुणी विचारतही नाही. हजारो वर्षं ही गोष्ट सांगूनही आपण इमान शोधतो ते दोरीच्या चुकीच्या टोकाला. बंध तयार करणारा माणूस, तो वापरणारी माणसं, त्याचा फायदा घेणारी माणसं, आणि इमानाची अपेक्षा मात्र एकट्या जनावराकडून! जो बंध माणसाने रोजच्या कष्टाने घडवला, ज्याच्या जोरावर जनावराला गोळीच्या तोंडी पाठवता आलं, त्या बंधाचं कर्जही माणसाच्याच नावावर लागतं: पाठवणाऱ्याच्या, पाठवायला लावणाऱ्या खात्याच्या आणि घरी बसून टाळ्या वाजवणाऱ्यांच्या.

चिकपेटेपासून काही किलोमीटरवर, कस्तुरबा रस्त्याच्या सरकारी संग्रहालयात, या कर्जाची एक जुनी पावती आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरहून आणलेला हा वीरगळ शके 872 चा, म्हणजे साधारण इ.स. 949-50 चा. वेरूळ कोरणाऱ्या राष्ट्रकूटांच्याच घराण्यातला तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांच्या राजादित्याला मारलं, त्या काळचा हा लेख. लढाईतली कामगिरी बघून बूतुगाने आपल्या मणलेर नावाच्या सरदाराला सांगितलं, हवं ते माग. मणलेराने बूतुगाचा ‘काळि’ हा कुत्रा मागितला. पुढे एका टेकडीवर काळिला मोठ्या रानडुकरावर सोडलं आणि दोघांनी एकमेकांना मारलं. वीरगळावर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरलेले आहेत. राज्यासाठी नाही, धर्मासाठी नाही, शिकारीत मेला काळि, आणि लेखाने ते लपवलेलं नाही. कुत्रा कुणाचा होता, मागितला कुणी, दिला कुणी, सोडला कशावर, सगळं लिहिलं आहे. मग आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळासमोर दगड उभारला, त्याच्या नावे जमीन लावून दिली आणि पुजाऱ्यासाठी एक अट कोरली: या दगडाची पूजा न करता जेवलास तर पाप लागेल. पान वाढून झालेलं असलं तरी त्या पुजाऱ्याला आधी उठून काळिच्या दगडापाशी जावं लागत होतं.